सकाळी भाव भरले की साइट अडकते: मोठा सर्व्हर घेण्याआधी काय बघायचं

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका प्रोग्रामरचा आहे. थोडक्यात असा: केळी उत्पादकांसाठी त्यांनी एक वेब ॲप्लिकेशन केलंय. सकाळी ऑफिसमधला माणूस नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीच्या प्रकारांचे त्या दिवसाचे भाव भरतो, नोंदणी असलेल्या साधारण १,८०० शेतकऱ्यांना एसएमएस जातो, शेतकरी साइटवर येऊन भाव बघतात आणि गाडी नोंदवतात. भाव भरले की मिनिटा-दोन मिनिटांत साइट नुसती फिरत राहते, मग ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही, ही चूक) येतो. सर्व्हर २ कोर आणि ४ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला भाड्याचा वाटा. त्यावर उबंटू (लिनक्स), एनजिनएक्स (विनंत्या घेणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). अशा वेळी एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करायची सोय) आत जाता येतं आणि सीपीयू ८-१० टक्क्यांवर दिसतो. पीएचपी रिस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. होस्टिंगवाले म्हणतात, मोठा सर्व्हर घ्या. शेवटी दोन किरकोळ तक्रारी जोडल्यात: कधीकधी भरलेले भाव गायब होतात आणि परत भरावे लागतात, आणि काही शेतकऱ्यांना तोच एसएमएस दोनदा जातो, ‘तो मेसेजवाल्यांचा घोळ असावा’.

मोठा सर्व्हर आत्ता घेऊ नका. पैसे दुप्पट जातील आणि सकाळी हेच होईल. उत्तराचा बराच भाग तुमच्या प्रश्नातच आहे, आणि ज्या दोन तक्रारी तुम्ही किरकोळ म्हणून शेवटी टाकल्यात, त्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्याकडे येतो. आधी सीपीयूचं बघू.

साइट अडकलीय आणि सीपीयू ८-१० टक्के आहे, म्हणजे सर्व्हरवर कामाचा बोजा नाही. पीएचपीच्या प्रोसेस जिवंत आहेत, पण कशाची तरी वाट बघत बसल्यात. ते डेटाबेसमधलं लॉक (एकजण ओळ बदलत असताना ती बदलू पाहणाऱ्या दुसऱ्याला अडवणारं कुलूप) असेल, बाहेरच्या एखाद्या सर्व्हरचं उत्तर असेल, नाहीतर डिस्क. अशा वेळी कोर वाढवले तर वाढवलेले कोरही रिकामे बसतील.

आता पाच-सहा जण वाट बघत बसले म्हणून सगळी साइट का थांबावी? उबंटूच्या पॅकेजमध्ये एफपीएमचं ‘मॅक्स चिल्ड्रेन’ हे सेटिंग मुळात ५ असतं, आणि बहुतेक जण ते कधी उघडूनही बघत नाहीत. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ५ विनंत्या पीएचपीकडे जातात, बाकीच्या रांगेत. एक पान ०.२ सेकंदात तयार होत असेल तर या ५ प्रोसेस सेकंदाला २५ पानं देतात आणि कुणाला काही जाणवत नाही. तेच पान कशासाठी तरी ३० सेकंद थांबायला लागलं, तर मिनिटाला फक्त १० पानं. सर्व्हर तोच, रॅम तीच, पण क्षमता दीडशेपट घसरली. जिनिंगच्या काट्यावर कापसाचा ट्रॅक्टर चढवून मालक कागद आणायला घरी गेला, तर मागे लागलेल्या पन्नास ट्रॅक्टरांचं जे होतं तेच इथे होतं. काटा बिघडलेला नसतो, फक्त मोकळा नसतो.

हे खरंच असं घडतंय का, ते एफपीएमच्या लॉगमध्ये लगेच कळेल. ‘सर्व्हर रीच्ड पीएम मॅक्स चिल्ड्रेन सेटिंग’ अशी इशाऱ्याची ओळ सकाळच्या वेळेला सापडली, तर पक्कं. त्याच ओळीत पुढे ‘ही मर्यादा वाढवण्याचा विचार करा’ असंही लिहिलेलं असतं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. मर्यादा ५ वरून ५० करतात. मग ५० प्रोसेस वाट बघत बसतात, प्रत्येकीची रॅम लागतेच, ४ जीबी पुरत नाही, स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो, आणि आजवर एसएसएचने आत तरी जाता येत होतं, तेही बंद होतं. शेवटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रॅमसाठी सगळ्यात मोठी प्रोसेस मारतो, आणि ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल असते. ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ दिसली तर समजून घ्या.

तुमच्या मशीनसाठी हिशेब असा करा. मायएसक्यूएलला साधारण १ जीबी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बाकी गोष्टींना १ जीबी, उरले २ जीबी. पीएचपीची एक प्रोसेस प्रत्यक्षात किती रॅम घेते ते ‘टॉप’ या आज्ञेत बघा, ६० एमबी धरली तर तीसेक बसतील, म्हणून २० वर थांबा. पण हा फक्त तात्पुरता आराम आहे. प्रत्येक विनंती ३० सेकंद थांबत असेल तर २० प्रोसेस मिनिटाला ४० पानं देतील. सकाळी भावासाठी शेकडो माणसं एकदम येतात, तिथे ४० ने काय होणार?

तेव्हा खरा प्रश्न एकच: वाट कशाची बघितली जातेय? आणि त्याचं उत्तर ज्या क्षणी मिळू शकतं, नेमका त्याच क्षणी तुम्ही रिस्टार्ट मारता. रिस्टार्टने साइट चालू होते, पण पुरावाही पुसला जातो. मला हे समजतं. चोपड्याहून फोन येतो, ‘साइट उघडी नही ऱ्हायनी भो’, कापणीची टोळी बागेत उभी असते, ट्रक बांधावर आलेला असतो, अशा वेळी कुणाला तपास सुचत नाही. म्हणून तपास आधीच लिहून ठेवायचा. एक छोटी स्क्रिप्ट करा, जी खाली सांगितलेल्या आज्ञा एकामागून एक चालवेल आणि सगळं तारीख-वेळेसकट एका फाइलमध्ये टाकेल. साइट अडकली की आधी ती स्क्रिप्ट, मग रिस्टार्ट. मिनिटभराचा उशीर होईल, पण रोजचा त्रास संपवायचा तोच मार्ग आहे.

स्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा ‘टॉप’ आणि ‘व्हीएमस्टॅट’. लोड ॲव्हरेज (चालू किंवा थांबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) बघून घाबरू नका. लिनक्समध्ये डिस्कची वाट बघणाऱ्या प्रोसेसही त्या आकड्यात मोजल्या जातात, त्यामुळे सीपीयू मोकळा असूनही लोड १५-२० दिसू शकतो. ‘डब्ल्यूए’ रकाना मोठा असेल तर डिस्क. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ सतत हलत असतील तर रॅम कमी पडून स्वॅप चाललाय. ‘एसटी’ मोठा असेल तर होस्टिंगवाल्याच्या मूळ मशीनवर तुमच्या वाट्याचा सीपीयू दुसरीकडे जातोय, आणि मग वाद त्यांच्याशी घालायचा. हे चारही शांत असतील, जसं तुमच्या वर्णनावरून वाटतं, तर डिस्क-रॅम-सीपीयू सोडून पुढे जा. ‘डीएफ’ने डिस्क भरली नाही ना एवढं बघून घ्या, इनोडसकट (फाइलींच्या संख्येची मर्यादा).

पुढे दोन सोप्या चाचण्या. साइटवरचं एखादं चित्र थेट उघडा. ते पटकन आलं तर एनजिनएक्स ठीक आहे. मग फक्त ‘नमस्कार’ छापणारी, डेटाबेसला हात न लावणारी एक पीएचपी फाइल उघडा. तीही अडकली तर एकही पीएचपी प्रोसेस मोकळी नाही, हे सिद्ध झालं. एफपीएमचं स्टेटस पान चालू केलं असेल तर तेही बघायचं, पण त्यात एक खोच आहे: ते पान त्याच पूलमधून (प्रोसेसच्या गटातून) येतं, त्यामुळे सगळ्या प्रोसेस अडकल्या की स्टेटस पानही अडकतं. पीएचपी ८.० पासून त्याला वेगळं पोर्ट देता येतं, ‘स्टेटस लिसन’ या सेटिंगने. ते आजच करून ठेवा.

आता स्लोलॉग. एफपीएमच्या पूल फाइलमध्ये ‘रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट’ ५ सेकंद करा आणि ‘स्लोलॉग’ला फाइलचं नाव द्या. ५ सेकंदांहून जास्त चाललेली प्रत्येक विनंती त्या क्षणी पीएचपीच्या कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर उभी आहे, ते फंक्शनच्या साखळीसकट त्यात लिहिलं जातं. सगळ्यात वरची ओळ म्हणजे जिथे ती थांबलीय ती जागा. तिथे ‘कर्ल एक्झेक’ असेल तर बाहेरच्या सर्व्हरची वाट. ‘एक्झिक्यूट’ किंवा ‘क्वेरी’ असेल तर डेटाबेसची. ‘सेशन स्टार्ट’ असेल तर सेशन फाइलच्या (लॉगिन केलेल्या माणसाची माहिती ठेवणारी फाइल) लॉकची. मला एकच साधन निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन, कारण ते अंदाजाला जागाच ठेवत नाही. डॉकरमध्ये चालवत असाल तर कंटेनरला ‘पीट्रेस’ची परवानगी द्यावी लागते, नाहीतर स्लोलॉग रिकामाच राहतो.

त्याच वेळी डेटाबेसच्या बाजूने ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ आणि ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधलं ‘इनोडीबी टीआरएक्स’ टेबल, जुनं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सगळ्यात वर येईल अशा क्रमाने. हे दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचायचं, कारण नुसती प्रोसेसलिस्ट दिशाभूल करते. तीत दहा-बारा ‘अपडेट’ क्वेऱ्या ‘अपडेटिंग’ या अवस्थेत दिसतात, ३०-४० सेकंद झालेले. वाटतं, याच गुन्हेगार. लोक त्याच मारतात, आणि त्यांच्या जागी नव्या येतात. खरा गुन्हेगार त्याच यादीत ‘स्लीप’ म्हणून शांत बसलेला असतो. ट्रान्झॅक्शन उघडून, एक ओळ बदलून, कमिट (बदल पक्का) न करता तो पीएचपीमध्ये दुसरंच काही करत असतो, म्हणून डेटाबेसच्या नजरेत तो झोपलेला दिसतो. ‘टीआरएक्स’ टेबलमध्ये मात्र त्याचं ट्रान्झॅक्शन पाच मिनिटांपासून उघडं आहे हे दिसतं. मायएसक्यूएल ५.७ पासून ‘सिस’ स्कीमात ‘इनोडीबी लॉक वेट्स’ नावाचा व्ह्यू आहे; कोण कुणामुळे अडलंय ते तो जोडीने दाखवतो, अडवणाऱ्याच्या कनेक्शनच्या क्रमांकासह. तेवढं एक कनेक्शन ‘किल’ केलं तर मागचे सगळे एका झटक्यात सुटतात, आणि अख्खं पीएचपी रिस्टार्ट करायची गरज उरत नाही.

आता तुमच्या त्या दोन तक्रारी. भरलेले भाव गायब होतात, आणि काही शेतकऱ्यांना एसएमएस दोनदा जातो. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण या दोन गोष्टी आणि सकाळचं अडकणं एकत्र ठेवलं तर एकच चित्र उभं राहतं.

भाव जतन करायच्या पानात ट्रान्झॅक्शन सुरू होतं. भावाची ओळ ‘अपडेट’ होते. मग त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत शेतकऱ्यांना एकेक करून एसएमएस पाठवायचा लूप चालतो. सगळे गेले की कमिट. लिहिताना हे बरोबरच वाटतं: भाव जतन झाले आणि मेसेज गेले, दोन्ही एकत्र. चाचणीला पाच नंबर असतील तर सगळं सेकंदात होतं. पण एका मेसेजला पाव सेकंद धरला तरी १,८०० मेसेजना साडेसात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ भावाची ती ओळ लॉक असते. मेसेजवाल्यांचा सर्व्हर सकाळी जरा मंद असेल तर अर्धा तासही.

‘पण बाकीचे शेतकरी तर भाव नुसते वाचतात, त्यांना लॉक का आडवं येतं?’ असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलची डेटा साठवायची यंत्रणा) साधं ‘सिलेक्ट’ दुसऱ्याच्या लॉकसाठी थांबत नाही. त्याला कमिट झालेली जुनी आवृत्ती मिळते. म्हणून वाचणारी पानं अडकत असतील तर त्या पानात कुठेतरी लिहिणं आहे. माझा पहिला संशय ‘किती जणांनी पाहिलं’ या काउंटरवर. भावाच्या त्याच ओळीत ‘व्ह्यूज’चा रकाना असेल आणि प्रत्येक भेटीला तो एकने वाढत असेल, तर येणारा प्रत्येक माणूस त्याच लॉक झालेल्या ओळीवर लिहायला येतो आणि थांबतो. लॉकसाठी थांबण्याची मूळ मर्यादा ५० सेकंद असते. म्हणजे पाच शेतकऱ्यांनी पान उघडलं की पाचही प्रोसेस जवळजवळ मिनिटभर गेल्या. त्यातली एक तर आधीच एसएमएसच्या लूपमध्ये अडकलेली आहे, म्हणजे चारच पुरे. पीएचपीच्या एरर लॉगमध्ये ‘लॉक वेट टाइमआउट एक्सीडेड’, क्रमांक १२०५, ही चूक सकाळच्या वेळी सापडते का बघा.

मग तुम्ही रिस्टार्ट करता. लूप मधेच मरतो, कनेक्शन तुटतं, मायएसक्यूएल कमिट न झालेलं ट्रान्झॅक्शन मागे घेतो. लॉक सुटतं, साइट पळायला लागते. आणि भाव गायब, कारण ते जतन झालेलेच नव्हते. ऑफिसमधला माणूस परत भरतो, लूप परत पहिल्या नंबरापासून सुरू होतो, आणि यादीतल्या पहिल्या शे-पाचशे शेतकऱ्यांना तोच मेसेज दुसऱ्यांदा जातो. यात मेसेजवाल्यांचा काही दोष नाही. पडताळून बघायचं असेल तर दोनदा मेसेज गेलेल्या शेतकऱ्यांचे नोंदणी क्रमांक काढा. ते यादीच्या सुरुवातीचे निघाले, की या चित्राला दुजोरा मिळाला.

भर म्हणजे, भाव भरणाऱ्याला स्वतःलाही ६० सेकंदांनी ५०४ दिसतो, कारण एनजिनएक्स पीएचपीसाठी मुळात तेवढंच थांबतो. त्याला वाटतं जतन झालं नाही, म्हणून तो परत बटण दाबतो. पण एनजिनएक्सने नाद सोडला तरी पीएचपीला ते कळत नाही. काही छापायला जाईपर्यंत ते आपलं काम चालूच ठेवतं. शेतकऱ्यांच्या रिफ्रेशचंही तेच. मोबाइलवर पान फिरतंय म्हणून माणूस तीनदा ओढून रिफ्रेश करतो. जुनी विनंती मरत नाही, नवी रांगेला लागते. एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ च्या (उत्तर येण्याआधीच समोरच्याने जोडणी सोडली, अशा) ओळींचा ढीग दिसेल, तो हाच.

इथे एक समज दूर करायला हवा, कारण तो फार पसरलाय. ‘मॅक्स एक्झिक्यूशन टाइम ३० सेकंद ठेवलाय, म्हणजे कुठलीही पीएचपी ३० सेकंदांवर चालणार नाही.’ लिनक्सवर असं होत नाही. तिथे तो वेळ फक्त पीएचपी स्वतः काम करत असतानाचा मोजला जातो. डेटाबेसच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला अडवतेय, नेमकी तीच या मर्यादेतून सुटते. खरी मर्यादा एफपीएमची ‘रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट’, आणि ती मुळात बंद असते. ती ४० सेकंद करा. एनजिनएक्सच्या ६० पेक्षा कमी हवी, म्हणजे एनजिनएक्सने हात झटकल्यावर मागे पीएचपी फुकट चालू राहणार नाही. पण एसएमएसचा लूप बाहेर काढल्याशिवाय ही मर्यादा लावू नका, नाहीतर भाव कधीच जतन होणार नाहीत.

कर्लचंही (बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं पीएचपीतलं साधन) असंच. पीएचपीत कर्लला एकूण वेळेची मर्यादा मुळात नसते, आणि जोडणी होण्यासाठी ते ३०० सेकंदांपर्यंत थांबतं. समोरचा सर्व्हर ‘नाही’ म्हणाला तर काही बिघडत नाही. तो गप्प बसला की तुम्ही अडकलात. जिथे जिथे कर्ल आहे तिथे जोडणीला ३ सेकंद आणि एकूण ८ सेकंद अशी मर्यादा घाला. बऱ्हाणपूरचे भाव दुसऱ्या साइटवरून ओढून आपल्या पानावर दाखवत असाल तर तिथे आधी. दुसऱ्याची साइट मंद झाली म्हणून आपली बंद पडावी, हे कुठल्याही परिस्थितीत चालू देऊ नये.

दुरुस्तीचा गाभा मात्र एसएमएस आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये फक्त दोन गोष्टी करा: भाव लिहा, आणि ‘पाठवायचे मेसेज’ अशा एका टेबलात ओळी टाका. लगेच कमिट. १,८०० ओळी एकाच ‘इन्सर्ट’मध्ये टाकल्या तर सगळं सेकंदाच्या आत होतं. भाव भरणाऱ्याला ‘जतन झालं’ दिसतं आणि तो चहाला मोकळा. मेसेज पाठवायचं काम क्रॉनवरची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) वेगळी स्क्रिप्ट करेल, दर मिनिटाला: न पाठवलेल्या पन्नास ओळी उचलायच्या, पाठवायच्या, प्रत्येक ओळीवर ‘गेला’ अशी खूण करायची. मधे काही तुटलं तर पुढच्या मिनिटाला तिथूनच पुढे. बहुतेक मेसेज सेवा एका विनंतीत अनेक नंबर घेतात, तेही वापरा. टेबलात भाव-क्रमांक आणि शेतकरी-क्रमांक यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे कुणी दहा वेळा बटण दाबलं तरी एका भावाची ओळ दुसऱ्यांदा तयार होणार नाही. आणि क्रॉनची स्क्रिप्ट ‘एफलॉक’मधून चालवा, नाहीतर एक संपायच्या आत दुसरी सुरू होईल.

काउंटर भावाच्या ओळीतून काढा. वेगळं टेबल करा, किंवा माझं ऐकाल तर काढूनच टाका. एनजिनएक्सचा लॉग मोजला की तोच आकडा मिळतो.

आणि मनापासून सांगतो, भावाचं पान पीएचपीने बनवूच नका. भाव दिवसातून एकदा, फार तर दोनदा बदलतो. जतन करताना त्याचं एक साधं एचटीएमएल पान बनवून ठेवा. आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट पान कुणाला दिसत नाही. ते पान एनजिनएक्स थेट देईल. तुमचा आत्ताचा २ कोरचा सर्व्हर अशी पानं सेकंदाला हजारोंनी देऊ शकतो. डेटाबेस बंद पडला तरी शेतकऱ्याला भाव दिसत राहील. बागेत उभ्या माणसाला सकाळी हीच एक गोष्ट हवी असते, आणि ती मिळण्यासाठी तुमचं लॉगिन, तुमचे रिपोर्ट, तुमचा एसएमएस, काहीही चालू असण्याची गरज असू नये. गाडी नोंदणी पीएचपीत राहू द्या.

सेशनच्या लॉकचाही एक शब्द, कारण तुमच्याकडे ते पुढेमागे येईल. पीएचपी सेशन फाइलमध्ये ठेवतं आणि ‘सेशन स्टार्ट’ झालं की विनंती संपेपर्यंत ती फाइल लॉक करतं. एका पतसंस्थेचं ॲप संध्याकाळी पिग्मीच्या हिशेबाच्या वेळी असंच अडकायचं. लॉगिन केलेल्या कारकुनाने दोन मिनिटं लागणारा रिपोर्ट काढला, आणि त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमधलं पान दर १० सेकंदांनी नव्या सूचना विचारत होतं. प्रत्येक विचारणा त्याच सेशनच्या लॉकसाठी थांबायची, एकेक प्रोसेस धरून. एकाच माणसाने, काही वावगं न करता, मिनिटाच्या आत सगळी शाखा बंद पाडली. स्लोलॉगमध्ये ‘सेशन स्टार्ट’च्या ओळी एकाखाली एक दिसल्या की उपाय सोपा होता: सेशनमधून हवं ते वाचून झालं की लगेच ‘सेशन राइट क्लोज’, मग रिपोर्टची क्वेरी. जमल्यास ऑफिसच्या लोकांसाठी एफपीएमचा वेगळा पूलही करा, म्हणजे त्यांचे रिपोर्ट शेतकऱ्यांच्या वाट्याच्या प्रोसेस खाणार नाहीत.

मंद क्वेरीचं थोडक्यात. ती असती तर सीपीयू किंवा ‘डब्ल्यूए’ वर दिसला असता, म्हणून तुमच्याकडे मुख्य कारण ती नाही. तरी मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू करून मर्यादा १ सेकंद ठेवा. मुळात ती १० असते, फार ढिली. तारखेच्या रकान्यावर ‘डेट’ फंक्शन लावून तुलना केलेली क्वेरी दिसली तर ती ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी लिहा, नाहीतर त्या रकान्यावरचा इंडेक्स वापरला जात नाही. आणि दिवसा ‘ऑल्टर टेबल’ करू नका. एखादं लांबलेलं ‘सिलेक्ट’ चालू असेल तर ‘ऑल्टर’ त्याच्यामागे थांबतं, आणि ‘ऑल्टर’च्या मागे त्या टेबलची सगळी साधी ‘सिलेक्ट’सुद्धा. प्रोसेसलिस्टमध्ये ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ दिसेल.

जावावर चालणाऱ्यांनी स्लोलॉगच्या जागी ‘जेस्टॅक’ वापरावं: १० सेकंदांच्या अंतराने तीनदा थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे त्याची यादी) घ्यायचा आणि तिन्हीत त्याच ओळीवर उभे असलेले थ्रेड शोधायचे. बाकी विचार सगळा तोच.

क्रॉनने रोज सकाळी भावाच्या आधी पीएचपी रिस्टार्ट करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो इथे लागूच पडत नाही, कारण तुमचं अडकणं साठत गेलेल्या कचऱ्यामुळे नसून भाव जतन करण्याच्या क्षणाशी बांधलेलं आहे. मोठा सर्व्हर मात्र कधीतरी लागेलही. वरच्या दुरुस्त्या झाल्यावर सकाळच्या वेळी सीपीयू सतत ८०-९० टक्क्यांवर राहिला, किंवा प्रोसेस २० असूनही सगळ्या खऱ्या कामात गुंतलेल्या दिसल्या, तर जरूर घ्या. तेव्हा तो पैसा वाया जाणार नाही.

उद्यासाठी एवढंच करा: आज रात्री स्लोलॉग ५ सेकंदांवर चालू करा, स्टेटस पान वेगळ्या पोर्टवर घ्या, ‘मॅक्स चिल्ड्रेन’ २० करा, स्क्रिप्ट तयार ठेवा. सकाळी अडकलं की स्क्रिप्ट चालवा, आणि रिस्टार्टऐवजी ‘लॉक वेट्स’मध्ये दिसणारं अडवणारं कनेक्शन मारून बघा. मात्र त्याने ट्रान्झॅक्शन मागे गेलं तर भाव परत भरावे लागतील, आणि त्या वेळी एसएमएसचा लूप तात्पुरता बंद ठेवा, म्हणजे लोकांना परत तोच मेसेज जाणार नाही. स्लोलॉगमध्ये भाव जतन करणाऱ्या पानाची सगळ्यात वरची ओळ ‘कर्ल एक्झेक’ आणि भाव बघणाऱ्या पानांची ‘अपडेट’ची क्वेरी निघाली, तर थेट एसएमएस बाहेर काढायच्या कामाला लागा. वेगळं काही निघालं तर ती ट्रेस आणि ‘टीआरएक्स’ टेबलची सगळ्यात जुनी ओळ मला पाठवा. त्यातल्या मेसेज सेवेच्या चाव्या, पासवर्ड आणि शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आधी खोडा.